दाद मागण्याचा अधिकार : अमेरिकेचा दूरसंचार आयोग आणि काळा श्रोता

गावगाड्यात निरोप पोचवण्याचे काम कोणाकडे होते, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगावयास नको. मयताची खबर घेऊन रात्री-अपरात्री परगावी जायचे, वसुलीचा पैसा तालुक्याला पोचवायचा, आलेल्या अंमलदाराच्या घोड्यापुढे धावायचे, ही सारी महारकी. माझ्या आजोबांनी ती केली. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातील कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली तेव्हा ते उतारवयाला लागले होते. ते सांगत, पाच-सहा कोस चालून खबर नेली तरी अंगणाबाहेर उभे राहून ती ओरडून सांगावी लागे आणि तसेच परत फिरावे लागे. खबर त्यांच्या तोंडाने जाई. पण त्या तोंडाला स्वतःचे काही म्हणणे असेल, ही कल्पना गावाला नव्हती.

दूरसंचाराचा इतिहास पाठ्यपुस्तकात यंत्रांचा इतिहास म्हणून शिकवला जातो. मोर्सची तार, बेलचा टेलिफोन, मार्कोनीची बिनतारी. कोणत्या समाजाला या यंत्रांतून बोलता आले, कोणाला नुसते ऐकावे लागले, आणि अन्याय झाला तर तक्रार कोणाची ऐकली गेली, हा भाग त्यात नसतो. मागे वर्गात एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. मग आपला प्रश्न कुठे उरला?" मला चटकन उत्तर देता आले नाही. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी तासाला बसण्यासाठी रोज वस्तीपासून टेकडीवर चढत असे. वस्तीत रेंज नव्हती, गावात होती. तिने कंपनीकडे तक्रार केली. चार दिवसांनी तिच्या फोनवर संदेश आला : आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. रेंज आली नव्हतीच. ती तक्रार निकाली कोणी काढली, कशाच्या आधारे काढली, आणि त्याविरुद्ध कोणाकडे जायचे, हे ना तिला ठाऊक होते, ना मला.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मी अमेरिकेच्या 'फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन'च्या इतिहासाकडे वळलो. एका राष्ट्राच्या तारा, टेलिफोन, रेडिओ व दूरचित्रवाणी यांवर नियंत्रण ठेवणारी ही जुनी आणि बलाढ्य संस्था. १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी ज्या काळ्या लढवय्यांच्या संघटनेवरून 'दलित पँथर' हे नाव घेतले, त्याच काळ्या समाजाने या आयोगाच्या दारात एक वेगळी लढाई लढली. तीत बंदूक नव्हती, मोर्चा नव्हता. अर्ज होते, नोंदवह्या होत्या आणि कोर्टाच्या तारखा होत्या. आपल्याकडे तिची फारशी चर्चा झालेली नाही.

१

रेडिओ आला तेव्हा अमेरिकेत तो जवळजवळ मोकाट होता. १९१२ साली टायटॅनिक जहाज बुडाले आणि त्याच वर्षी बिनतारी यंत्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा झाला. परवाने व्यापारमंत्री देत. परंतु मागेल त्याला ते नाकारण्याचा किंवा ठरावीक लहरीवरच बांधून ठेवण्याचा अधिकार मंत्र्याला नाही, असा निर्णय १९२६ साली न्यायालयाने दिला. मग ज्याला वाटेल त्याने वाटेल त्या लहरीवर बोलावे अशी अवस्था झाली. एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळू लागला. म्हणून १९२७ साली रेडिओसाठी स्वतंत्र आयोग नेमला गेला. टेलिफोन आणि तारेचे दर १९१० पासून रेल्वेवर देखरेख करणाऱ्या आयोगाकडे होते. अध्यक्ष रुझवेल्ट यांच्या कारकिर्दीत, १९ जून १९३४ रोजी, ही दोन्ही कामे एकत्र करणारा कायदा झाला आणि आजचा आयोग जन्मास आला. आरंभी त्याचे सात सदस्य होते, १९८३ पासून पाच आहेत. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, संमती सिनेट देते, आणि निसटत्या बहुमतापेक्षा अधिक सदस्य एकाच पक्षाचे असू शकत नाहीत.

या कायद्याची मूळ कल्पना समजून घेतली पाहिजे. लहरी मर्यादित आहेत आणि त्या कोणाच्याही मालकीच्या नाहीत. केंद्र चालवणाऱ्याला त्या ठरावीक मुदतीसाठी वापरायला मिळतात. तेव्हा ही मुदत तीन वर्षांची होती आणि लहरींसाठी लिलावाची बोली नव्हती. मोबदला एकच : केंद्राने लोकांचे हित, सोय आणि गरज पाहून चालले पाहिजे. मुदत संपली की आयोगाने हिशेब घ्यावा, मग नूतनीकरण करावे. टेलिफोनच्या बाबतीत तर देशातील सर्व लोकांना वाजवी दरात सेवा मिळावी, हे कायद्याच्या पहिल्याच कलमात लिहिले होते.

'सर्व लोक' हा शब्द किती फसवा असतो, हे आपल्याला अनुभवाने कळलेले आहे. सार्वजनिक विहीर, सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक शाळा यांतल्या 'सार्वजनिक' शब्दात आपण नव्हतो, म्हणून १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. अमेरिकेच्या या कायद्याच्या पहिल्या कलमात वंश, वर्ण, धर्म, राष्ट्रीय मूळ किंवा लिंग यांवरून भेद न करता, हे शब्द १९९६ साली घातले गेले. म्हणजे कायदा झाल्यानंतर ६२ वर्षांनी. मधल्या काळात ते शब्द नसल्याचा अर्थ काय होता, हे मिसिसिपी राज्यातील जॅक्सन या गावी जाऊन पाहावे लागते.

२

जॅक्सनमध्ये १९५३ साली डब्ल्यू.एल.बी.टी. हे दूरचित्रवाणी केंद्र सुरू झाले. मालक एक विमा कंपनी. केंद्राच्या क्षेपणक्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोक काळे होते. पण पडद्यावर ते जवळजवळ नव्हतेच. १९५५ साली राष्ट्रीय वाहिनीवर वर्णसंबंधांविषयी एक कार्यक्रम चालू होता. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेचे प्रमुख वकील थर्गुड मार्शल त्यात बोलत होते. आदल्याच वर्षी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा खटला त्यांनी जिंकला होता. जॅक्सनच्या केंद्राने तो कार्यक्रम मध्येच तोडला आणि पडद्यावर पाटी लावली की तारेत बिघाड झाला आहे, क्षमस्व. तार शाबूत होती.

तक्रारी गेल्या. १९५७ साली पुन्हा गेल्या. आयोगाने त्या तुरळक घटना मानल्या आणि परवाना नूतन केला. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या काळ्या विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश देण्यावरून दंगल उसळली, तेव्हा या केंद्रावरून वर्णभेदाची बाजू मांडली गेली, दुसरी बाजू नाही. एन.ए.ए.सी.पी.चे मिसिसिपीतील कार्यकर्ते मेडगर एव्हर्स केंद्राकडे उत्तरासाठी वेळ मागत राहिले. शेवटी २० मे १९६३ रोजी त्यांना सुमारे सतरा मिनिटे मिळाली. जॅक्सनच्या घराघरांत त्या संध्याकाळी एक काळा माणूस स्वतःच्या समाजाविषयी स्वतः बोलला. त्यानंतर तेविसाव्या दिवशी, १२ जूनच्या रात्री, त्यांच्याच घराच्या अंगणात त्यांना गोळी घालून ठार करण्यात आले.

आता लढाई कोणत्या मार्गाने न्यायची? 'युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट' या पंथाच्या संपर्क विभागाचे प्रमुख एव्हरेट पार्कर हे गोरे धर्मोपदेशक होते. त्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. केंद्र अन्याय करते असे नुसते म्हणून आयोग हलत नाही, त्याला पुरावा लागतो. १९६४ च्या मार्चमध्ये त्यांनी जॅक्सनमधल्याच काही गोऱ्या स्वयंसेवकांना शिकवून तयार केले. आठवडाभर केंद्र सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत पाहायचे आणि प्रत्येक कार्यक्रमात काळा माणूस कितीदा दिसला, काय म्हणून दिसला, कसा संबोधला गेला, हे लिहून ठेवायचे. या स्वयंसेवकांची नावे गुप्त ठेवावी लागली. त्या काळी मिसिसिपीत असले काम करणे जिवावर बेतणारे होते.

'कसा संबोधला गेला' हा प्रश्न आपल्या वाचकाला क्षुल्लक वाटणार नाही. दक्षिणेकडे काळ्या माणसाच्या नावामागे 'मिस्टर' किंवा 'मिसेस' लावायचे नाही, हा दंडक होता. आमच्याकडेही साठीच्या महाराला गावातले शेंबडे पोर अरे-तुरे करी. बहुमानार्थी क्रियापद कोणाच्या वाट्याला येते, यावरून समाजरचना कळते.

या नोंदींच्या आधारे पार्कर यांच्या संस्थेने एप्रिल १९६४ मध्ये परवान्याच्या नूतनीकरणाला विरोध करणारा अर्ज केला. सोबत दोन काळे अर्जदार होते. ॲरन हेन्री हे औषधांचे दुकान चालवणारे, एन.ए.ए.सी.पी.चे राज्याध्यक्ष. रेव्हरंड रॉबर्ट स्मिथ हे धर्मोपदेशक आणि किराणा दुकानदार.

३

आयोगाने जे उत्तर दिले ते या इतिहासाचे मर्म आहे. मे १९६५ मध्ये आयोगाने सांगितले की अर्जदारांना दाद मागण्याचा अधिकारच नाही. तोवरच्या प्रथेप्रमाणे आयोगापुढे दोघांनाच उभे राहता येत असे : परवान्यामुळे ज्याच्या धंद्याचे नुकसान होते तो, आणि ज्याच्या लहरीत अडथळा येतो तो. म्हणजे एक केंद्रमालक दुसऱ्या केंद्रमालकाविरुद्ध येऊ शके. ज्याच्यासाठी केंद्र चालते असे कायदा म्हणतो, तो श्रोता-प्रेक्षक मात्र त्रयस्थ. आयोगाने केंद्राचे वर्तन आक्षेपार्ह मानले, तीनऐवजी एकच वर्षाची मुदत दिली आणि वागणूक सुधारा असे बजावले. पण सुनावणी घेतली नाही.

इथे थांबून विचार केला पाहिजे. आयोगाने अर्जदार खोटे बोलतात असे म्हटले नव्हते. तुम्ही खरे बोलत असाल, पण बोलणारे तुम्ही कोण, असा त्याचा प्रश्न होता. 'मूकनायक' १९२० साली निघाले तेव्हा 'केसरी'ने पैसे देऊ केले असतानाही त्याची जाहिरात छापली नाही. तिथेही मजकुरावर वाद झाला नव्हता. वाद होण्यासाठी आधी समोरच्याचे पक्षकार असणे मान्य करावे लागते.

अर्जदार वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयात गेले. २५ मार्च १९६६ रोजी न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांनी निकाल दिला. बर्गर पुरोगामी म्हणून ओळखले जाणारे न्यायाधीश नव्हते. पण त्यांचा युक्तिवाद सरळ होता. इतर नियंत्रित धंद्यांत वापरणाऱ्या ग्राहकाला दाद मागता येते. मग ज्याच्याविना प्रक्षेपणाला अर्थ नाही त्या श्रोत्यालाच का येऊ नये? लोकांचे हित आम्ही पाहतो, लोकांनी यायचे कारण नाही, हा आयोगाचा दावा अनुभवाने टिकत नाही. परवाना हा लोकांनी सोपवलेला विश्वास आहे, तो मोडला तर काढून घेता येतो. सुनावणी घ्या, असा आदेश झाला.

सुनावणी १९६७ साली जॅक्सनमध्ये झाली. आयोगाच्या अधिकाऱ्याने सिद्ध करण्याचा सगळा भार तक्रारदारांवर टाकला आणि केंद्राच्या बाजूने शिफारस केली. १९६८ साली आयोगाने पाच विरुद्ध दोन मतांनी पुन्हा तीन वर्षांचा परवाना दिला. कायद्याने दार उघडले तरी आत बसलेली माणसे तीच होती. अर्जदार पुन्हा न्यायालयात गेले. २० जून १९६९ रोजी बर्गर यांनी दुसरा निकाल दिला. तक्रारदारांच्या सहभागाविषयीच आयोगाच्या मनात आकस दिसतो, असे त्यांनी कठोर शब्दांत नोंदवले आणि परवाना रद्द केला. त्यानंतर काही दिवसांतच ते अमेरिकेचे सरन्यायाधीश झाले.

१९७१ साली केंद्र तात्पुरते एका ना-नफा मंडळाकडे आले. त्यात काळे-गोरे दोघेही होते. १९७२ साली विल्यम डिल्डे हे काळे गृहस्थ त्याचे महाव्यवस्थापक झाले. त्याच वर्षी बेंजामिन हुक्स यांच्या रूपाने आयोगावर पहिला काळा सदस्य आला. आयोग १९३४ चा, आणि हे १९७२ साल.

४

या निकालाने पुढे काय साधले आणि काय साधले नाही, दोन्ही पाहिले पाहिजे. विजयाची पोथी लिहून चळवळ पुढे जात नाही.

साधले ते असे. टेक्सार्काना येथील केंद्राने १९६९ साली काळ्या संघटनांशी लेखी करार करून काळे वार्ताहर नेमण्याचे मान्य केले. १९७५ साली आलाबामा राज्याच्या शैक्षणिक दूरचित्रवाणीचे परवाने नूतन करण्यास आयोगाने नकार दिला. कारण त्या सरकारी केंद्रांनी काळ्यांना पडद्याबाहेर ठेवले होते. नोकरीत वर्णभेद करू नये असे नियम आले. केंद्रमालकाला आता प्रेक्षकाची भीती वाटू लागली.

साधले नाही ते मालकीच्या बाबतीत. अमेरिकेत काळ्या मालकाचे पहिले रेडिओ केंद्र १९४९ साली अटलांटात आले, पहिले दूरचित्रवाणी केंद्र १९७५ साली डेट्रॉइटमध्ये. १९७८ साली देशातील सर्व केंद्रांपैकी एक टक्क्याहूनही कमी केंद्रे काळ्या व अन्य अल्पसंख्य समाजांच्या मालकीची होती. त्या वर्षी आयोगाने अशा समाजांना केंद्र विकणाऱ्याला करसवलत देण्याचे धोरण आखले. १९८६ साली प्रमाण २.१ टक्के झाले. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे असे धोरण एका मताच्या फरकाने उचलून धरले. पण १९९५ साली काँग्रेसने करसवलतच रद्द केली, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वंशाधारित सवलतींना कडक कसोटी लावून आधीच्या निकालाचा पाया काढून घेतला. १९९६ च्या ज्या कायद्याने भेद न करण्याचे शब्द घातले, त्याच कायद्याने एका मालकाने किती केंद्रे घ्यावीत यावरील बंधने सैल केली. एका हाताने शब्द दिले, दुसऱ्या हाताने बाजार मोकळा केला. आरक्षणाचे शब्द शाबूत ठेवून नोकऱ्या खाजगीकरणात नेल्या जातात, हे पाहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

टेलिफोनचीही कथा अशीच. अमेरिकेच्या तुरुंगांत काळ्यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्याहून कितीतरी अधिक आहे. कैद्याला फोन कोणत्या कंपनीचा वापरायचा हे निवडता येत नाही. तुरुंग एकाच कंपनीला ठेका देतो, आणि जी कंपनी तुरुंगाला जास्त हिस्सा देईल तिला ठेका मिळतो. तो हिस्सा वसूल होतो घरच्यांकडून. परराज्यातील पंधरा मिनिटांच्या एका फोनला १७ डॉलरपर्यंत पडत. वॉशिंग्टनच्या मार्था राइट या वृद्ध, दृष्टी गेलेल्या आजीबाईंचा नातू तुरुंगात होता. त्यांनी आणि इतर कुटुंबांनी २००३ साली आयोगाकडे अर्ज केला. तो दहा वर्षे पडून राहिला. २०१३ साली मिग्नॉन क्लायबर्न या काळ्या सदस्या हंगामी अध्यक्ष असताना, आयोगाने परराज्यातील फोनला मिनिटाला २१ ते २५ सेंटची मर्यादा घातली. २०१५ साली राज्यांतर्गत फोनलाही मर्यादा घातली, ती २०१७ साली न्यायालयाने रद्द केली. मार्था राइट २०१५ सालीच वारल्या होत्या. त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला, २०२४ साली आयोगाने त्याखाली नवे दर ठरवले, आणि २०२५ साली त्याच आयोगाने अंमलबजावणी पुढे ढकलली.

अध्यक्ष बदलला की आयोग बदलतो. मिळालेला हक्क राखण्यासाठी दर वेळी दारात उभे राहावे लागते.

५

आता आपल्याकडे येऊ. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे ठरवले. प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे होते. १९९७ साली भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००० सालच्या दुरुस्तीने तंट्यांसाठी वेगळे न्यायाधिकरण आले. प्राधिकरण दर आणि सेवेचा दर्जा यांवर नियम करते. नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करून लोकांची मते मागवते. मसुदे बहुतेक इंग्रजीत असतात. २०१५ साली इंटरनेटवर कंपन्यांनी भेदभावाचे दर लावू नयेत म्हणून लाखो पत्रे प्राधिकरणाकडे गेली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी तसे दर लावण्यास मनाई झाली. लोक बोलले तर ऐकावे लागते, याचा हा पुरावा. पण पत्रे लिहिणारे बहुशः ते होते, ज्यांच्याकडे रेंज होती.

एकट्या ग्राहकाची तक्रार प्राधिकरण सोडवत नाही, तिच्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावे लागते. माझ्या विद्यार्थिनीला हे कोणी सांगितले नव्हते. परंतु कायद्याच्या कलम १४ मध्ये आणखी एक गोष्ट आहे : कंपनी आणि ग्राहकांचा गट यांच्यातील तंटा न्यायाधिकरणापुढे नेता येतो. एकट्याला नाही, गटाला. जॅक्सनच्या लोकांना जे दार दोन निकाल मिळवून उघडावे लागले, त्याची एक फळी आपल्याकडे कायद्यातच उघडी आहे. तिच्यातून आपल्यापैकी किती जण आत गेले?

त्या विद्यार्थ्याला आता मी एवढेच सांगेन. हातात फोन असणे म्हणजे पक्षकार असणे नव्हे. माझ्या आजोबांच्या तोंडूनही गावाचे सगळे निरोप जात होते. आपल्या वस्तीत, पाड्यावर, तांड्यावर, वसतिगृहात रेंज कधी असते, कधी नसते, गावात असताना आपल्याकडे का नसते, तक्रार केली तर उत्तर काय येते, हे तारीखवार लिहून काढले पाहिजे. हे काम विद्यार्थ्यांना सहज करता येईल आणि शिक्षकांनी ते करवून घ्यावे. आठवडाभराची एक वही आणि तिच्याखाली वस्तीतल्या दहा-वीस जणांच्या सह्या. जॅक्सनमधील सुरुवात याहून मोठी नव्हती.